सहा जार, सहाशे बाटल्या

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं होतं, "तू पुण्यात कॉम्प्युटरमध्ये आहेस, तर एआयवर बोल." एआयवर बोलणारे हल्ली गल्लोगल्ली भेटतात. म्हणून मी विषय बदलून मागितला. मी आज पॅकिंगवर बोलणार आहे. खोकं, पिशवी, पाकीट, पुडी, बाटली यांवर. विषय साधा वाटेल, पण माझं पोट गेली काही वर्षं याच विषयावर चालतं, त्यामुळे ऐकीव माहितीवर बोलत नाही एवढी खात्री देते.

मी गोदामांसाठी सॉफ्टवेअर लिहिते. तुम्ही मोबाइलवरून एखादी वस्तू मागवता, तेव्हा ती कोणत्या कप्प्यातून काढायची, कोणत्या मापाच्या खोक्यात भरायची, कोणत्या गाडीत टाकायची हे आमचा प्रोग्राम सुचवतो. आता तुमच्यापैकी प्रत्येकाला अनुभव असेल: मागवला एक चार्जर, आलं बुटाच्या डब्याएवढं खोकं. आत हवा भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, मग आणखी एक खोकं, त्यात पिशवी, आणि त्या पिशवीत तो चार्जर. आपण हसतो आणि म्हणतो, काय वेडी माणसं आहेत! पण तिथे कोणी वेडं नसतं. गोदामात खोक्यांची मापं मोजकीच ठेवलेली असतात. भरणाऱ्या पोराला तासाला इतकी पार्सलं झालीच पाहिजेत, असं ठरवून दिलेलं असतं. वस्तू फुटली तर त्याच्या नावावर नोंद होते. खोकं मोठं वापरलं तर कोणी काही बोलत नाही. मग तो काय करेल? हाताला येईल ते मोठं खोकं घेईल, रिकाम्या जागेत दोन पिशव्या जास्त कोंबेल आणि वरून चार फेरे चिकटपट्टी मारेल. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

अशा वेळी त्या पोराला पर्यावरणावर व्याख्यान देऊन काही होत नाही. फरक पडला तो एका हिशेबामुळे. कुरिअरवाले फक्त वजनाचे पैसे घेत नाहीत, आकारमानाचेही घेतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि सर्वसाधारणपणे ५००० ने भागायचं. जे येईल ते किलो. ४० बाय ३० बाय २५ चं खोकं घ्या. गुणाकार ३०,००० येतो, म्हणजे ६ किलो. आत अर्धा किलोची वस्तू असली तरी भाडं ६ किलोचं. साडेपाच किलो हवेचं भाडं! हा आकडा मालकाच्या टेबलावर गेला, की दुसऱ्या दिवसापासून नेमक्या मापाची खोकी शोधायला सुरुवात होते. यातून मी एक गोष्ट शिकले आणि तीच आज सांगायची आहे. जास्तीचं पॅकिंग कुठे होतं? जिथे ठरवणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागत नाही, तिथे. ज्याला किंमत मोजावी लागते, त्याच्या हातात काही ठरवणं नसतं.

आता हा नियम आपल्या घराला लावून बघा. बिस्किटाच्या पुड्याला किती थर असावेत, हे कारखान्यात ठरतं. तो पुडा उघडल्यावर वेष्टन कोणाच्या गळ्यात पडतं? आपल्या. आपण ते उकिरड्यावर टाकतो, मग ते ग्रामपंचायतीच्या गळ्यात पडतं. ग्रामपंचायतीची गाडी ते गावाबाहेर नेऊन टाकते. तिथून वाऱ्याने कोणाच्या तरी रानात जातं. बांधावर चरणारी गाय ते खाते. जनावरांचे डॉक्टर गाईच्या पोटावर शस्त्रक्रिया करून कित्येक किलो प्लास्टिक बाहेर काढतात, हे आपण वाचलेलं आणि काहींनी पाहिलेलंही आहे. म्हणजे शेवटचं बिल त्या गाईने आणि तिच्या मालकाने भरलं. कारखान्यात ठरवणाऱ्याला ती गाय कधी दिसतच नाही.

यावर आपल्याला एक उत्तर शिकवलं गेलं आहे: रिसायकलिंग. पाकिटावर तीन बाणांचं चिन्ह असतं, ते पाहून आपल्याला बरं वाटतं. आपण कोरडा कचरा वेगळा केला, आपलं काम झालं. मी रिसायकलिंगच्या विरोधात नाही, माझ्या घरी कचरा वेगळा होतो. पण आकडे काय सांगतात ते बघू. २०१७ साली अमेरिकेतल्या तीन शास्त्रज्ञांनी जगातल्या सगळ्या प्लास्टिकचा हिशेब मांडला. १९५० ते २०१५ या काळात सुमारे ८३० कोटी टन प्लास्टिक तयार झालं. त्यातल्या सुमारे ६३० कोटी टनांचा कचरा झाला. त्या कचऱ्यापैकी रिसायकल झालं ९ टक्के. १२ टक्के जाळलं गेलं. उरलेलं ७९ टक्के कचऱ्याच्या डोंगरांत नाही तर नदी, समुद्र, रानात आहे. शंभरपैकी नऊ मार्क! आपल्या सरांनी यावर काय शेरा लिहिला असता, ते मी सांगायला नको.

हे नऊच का? लोक आळशी आहेत म्हणून का? पुण्यात आमच्या सोसायटीत कचरा गोळा करायला एक मावशी येतात. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली, आणि पुढे कचरा वेचणाऱ्यांचीच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली. देशभर ज्याचं नाव घेतलं जातं, असं हे काम आहे. या मावशींची बोटं आमच्या प्रयोगशाळेपेक्षा हुशार. पाकीट हातात घेऊन नुसतं चुरगाळलं की त्यांना कळतं ते काय आहे. दुधाची पिशवी एका बाजूला, पाण्याची बाटली दुसऱ्या बाजूला, पुठ्ठा तिसऱ्या. आणि वेफर्सची, बिस्किटांची, शाम्पूची चकचकीत पाकिटं चौथ्या ढिगात. मी विचारलं, याचं काय? म्हणाल्या, "ताई, हे भंगारवाला घेत न्हाई. निस्तं चमकतंय."

का घेत नाही? कारण ते एका पदार्थाचं नसतंच. आत प्लास्टिकचा एक थर, मध्ये धातूचा पातळ थर, वर छपाईचा वेगळा थर, सगळे एकमेकांना चिकटवलेले. ते सोडवायला जो खर्च येतो, त्याहून नवीन प्लास्टिक स्वस्त पडतं. शिवाय एका छोट्या पाकिटाचं वजन दोन-तीन ग्रॅम. एक किलो भरायला तीनशेहून जास्त पाकिटं वेचावी लागतील. एवढं वाकून हातात काय पडणार? पुण्यासारख्या ठिकाणी, जिथे वेचणाऱ्यांची संघटना आहे, भंगाराचा बाजार आहे, कारखाने जवळ आहेत, तिथे ही अवस्था. मग बेंबळीचं काय? इथून ती हलकी, फुगलेली पाकिटं ट्रकमध्ये भरून कारखान्यापर्यंत न्यायची, तर पुन्हा हवेचंच भाडं. म्हणून आपल्याकडे त्यावर एकच 'प्रक्रिया' होते. संध्याकाळी काडी लावायची. तो धूर आपण ओळखतो, आणि तो सगळ्यात आधी पोरांच्या आणि म्हाताऱ्यांच्या छातीत जातो.

आता इथे गणिताचे सर बसले आहेत, म्हणून एक गणित. दहा सेंटिमीटर बाजूचा एक घन घ्या. त्यात एक लिटर मावतं. त्याचं पृष्ठफळ किती? सहा बाजू, प्रत्येकी १०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे ६००. आता त्याच एका लिटरचे एक-एक सेंटिमीटरचे हजार घन करा. प्रत्येकाचं पृष्ठफळ ६, हजारांचं मिळून ६०००. आतला माल तेवढाच, वरचं कातडं दहापट. आठवीत हे गणित सोडवताना आपण विचारायचो, याचा उपयोग काय? सर, उपयोग हा आहे. मोठी बाटली जाऊन एक रुपयाच्या पुड्या आल्या, तेव्हा आपल्या गावात नेमकं हेच झालं.

पण थांबा. ती पुडी कोण घेतं? १९८० च्या दशकात तामिळनाडूतून शाम्पूची छोटी पुडी देशभर पसरली. त्याआधी शाम्पू ही पैसेवाल्यांची वस्तू होती. ज्या बाईच्या हातात रोजची मजुरी रोज येते, ती दोनशे रुपयांची बाटली कुठून घेईल? पुडीने तिला तो हक्क दिला. त्या बाईला आपण पुण्याहून गाडीत येऊन "पुड्या वापरू नका" असं सांगणं बरं नव्हे. थोडं-थोडं घेण्याची सोय पाहिजेच. प्रश्न इतकाच आहे की थोडं घ्यायचं म्हटलं, की दर वेळी नवं पाकीट कशाला?

कारण थोडं-थोडं तर आपण आधीही घेत होतो. छटाकभर तेल, पावशेर साखर, चार आण्याचा चहा. आई बाटली देऊन पाठवायची. तेलाच्या त्या बाटलीच्या गळ्याला सुतळी बांधलेली असायची, ती बोटात अडकवून आपण दुकानात जायचो. साखर कागदाच्या पुडीत यायची, आणि पुडीचा दोरा आई गुंडाळून ठेवायची.

हेच मी काल आपल्या एका वर्गमित्राला म्हटलं. त्याचं गावात किराणा दुकान आहे. तो मला म्हणाला, "अगं, तुला सोपं आहे बोलायला. सुटं ठेवलं की उंदीर, मुंग्या. पोत्यात ओल आली की माल गेला. वजनात घट. त्यात गिऱ्हाईक म्हणतं, काटा मारलास. पाकिटावर किंमत छापलेली असती, भांडणच न्हाई. अन् एकटा माणूस मी, पुड्या बांधत बसलो तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात." त्याचं प्रत्येक वाक्य खरं आहे. आणि त्याने न सांगितलेलं एक कारण मी सांगते. १९९८ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचं तेल मिसळलेलं निघालं आणि साठांहून अधिक माणसं मेली. त्यानंतर केंद्र सरकारने खाद्यतेल बंद पाकिटातच विकायचा आदेश काढला. शाई पोटात जाते म्हणून वर्तमानपत्राच्या कागदात खाद्यपदार्थ बांधायलाही आता मनाई आहे. म्हणजे पॅकिंगच्या मागे काही वेळा माणसाच्या जिवाचं कारण असतं. आपल्या पिढीला तर हे वेगळं सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ ला भूकंप झाला, तेव्हा आपण आठवीत होतो. त्यानंतर किल्लारी, सास्तूरकडे देशभरातून मदत गेली. बंद पाकिटातलं औषध, बंद डब्यातली दूध-पावडर यांनी तेव्हा किती लेकरं जगवली असतील!

म्हणून माझं म्हणणं "पॅकिंग नको" असं नाही. माल टिकवणारं, भेसळ रोखणारं, औषध सांभाळणारं पॅकिंग राहू दे. पण टूथपेस्टच्या ट्यूबला खोकं कशाला? ट्यूब आधीच बंद आहे. साबणाला कागद, कागदावर खोकं, चार खोक्यांवर परत प्लास्टिक कशाला? मिठाईच्या डब्यात प्रत्येक पेढ्याला वेगळी वाटी कशाला? कुंथलगिरीचा पेढा त्या वाटीने जास्त गोड लागतो का? शर्टाच्या घडीत पुठ्ठा, कॉलरमध्ये प्लास्टिक, सहा टाचण्या, दोन क्लिपा, आणि वर पिशवी. यातलं काय काढलं तर माल खराब होईल? काहीच नाही. हे जे काढता येतं, त्याला मी जास्तीचं पॅकिंग म्हणते. त्याला रिसायकल करायची गरज नाही. ते जन्मालाच यायला नको.

आमच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या वर्षी शिकवतात. प्रोग्राममधली चूक आराखड्याच्या कागदावर सापडली तर खोडरबराने पुसली जाते. तीच गिऱ्हाइकाकडे पोचल्यावर सापडली, तर दहा माणसं दहा दिवस जागतात. रिसायकलिंग म्हणजे ते दहा दिवस जागणं. खोडरबर कारखान्याच्या टेबलावर आहे, आणि तो वापरायला लावणं हे कायद्याचं आणि गिऱ्हाइकाचं काम आहे.

कायद्याने काय केलं, तेही बघू. २६ जुलै २००५ ला मुंबईत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. नाले तुंबले, त्यात प्लास्टिकच्या पिशव्या होत्या, आणि मग राज्यात पातळ पिशव्यांवर बंदी आली. २३ मार्च २०१८ ला महाराष्ट्राने मोठी प्लास्टिकबंदी जाहीर केली आणि २३ जूनपासून दंड सुरू झाला. १ जुलै २०२२ पासून केंद्रानेही प्लास्टिकचे चमचे, ताटल्या, पेले, स्ट्रॉ अशा वस्तूंवर बंदी घातली. यातून काही झालं नाही असं म्हणणार नाही. पण दंड कोणाला झाला? भाजीवालीला, हारवाल्याला, छोट्या दुकानदाराला. त्यांच्या हातातली पिशवी दिसली. कारखान्यातून बंद होऊन आलेलं पाकीट मात्र बहुतेक तसंच राहिलं. आणि बाजारात आली ती कापडासारखी दिसणारी रंगीत पिशवी. लग्नाच्या दुकानांतून मिळते ती. ती कापडाची नाही, प्लास्टिकच्याच धाग्यांची आहे. एक कोपरा जाळून बघा. कापूस असेल तर राख होते, प्लास्टिक असेल तर वितळून गोळा होतो.

कंपन्यांवर जबाबदारी टाकणारे नियमही २०१६ पासून आहेत. तुम्ही जितकं प्लास्टिक बाजारात आणता, तितकं गोळा करून त्याची विल्हेवाट लावायची. विचार चांगला आहे. पण त्यात भर आहे तो आणलेलं गोळा करण्यावर. मुळात आणूच नका, किंवा निम्मं आणा, असं म्हणायला जगात आता कुठे सुरुवात झाली आहे. जर्मनीने १९९१ साली कायदा केला की गिऱ्हाइकाला बाहेरचं खोकं दुकानातच सोडून जाता येईल. दुकानात ट्यूबच्या खोक्यांचे ढीग साठायला लागले, दुकानदारांनी कंपन्यांकडे तक्रार केली आणि बरीच खोकी बंद झाली. चीनने सप्टेंबर २०२३ पासून खाद्यपदार्थांच्या पॅकिंगला थरांची मर्यादा घातली: धान्य आणि त्याच्या पदार्थांना तीन, बाकीच्यांना चार. युरोपात २०२५ मध्ये नवा कायदा अस्तित्वात आला. त्यानुसार २०३० पासून पार्सलच्या खोक्यात निम्म्याहून जास्त जागा रिकामी चालणार नाही. माझ्या कामातली ती हवा आता कायद्याने मोजली जाणार आहे. आपल्याकडेही हे होऊ शकतं.

आणि पॅकिंग परत जाऊन पुन्हा भरून येणं, हे आपल्याला नवीन थोडंच आहे? तुमच्या घरातला गॅसचा सिलिंडर आठवा. ते पॅकिंगच आहे. अनामत भरलेली असते, रिकामा दिला की भरलेला मिळतो. कोणी सिलिंडर उकिरड्यावर टाकलेला पाहिलात? मुंबईचे डबेवाले १८९० पासून हेच करतात. डबा भरून जातो, रिकामा होऊन त्याच घरी परत येतो. मी शिकले त्या लॉजिस्टिक्सच्या पुस्तकांत त्यांचा धडा आहे. आणि आपल्याकडचं सगळ्यात जवळचं उदाहरण म्हणजे पाण्याचा जार. मराठवाड्यात दुष्काळाने आपल्याला काय-काय शिकवलं, त्यात जारही आला. वीस लिटरचा जार रोज येतो, रिकामा परत जातो.

पॅकिंगची किंमत शेतकऱ्याला तर कोणी शिकवायला नको. २०२४-२५ च्या हंगामात सरकारी खरेदी केंद्रांवर सोयाबीन घेऊन गाड्या उभ्या होत्या आणि बारदाना नाही म्हणून खरेदी थांबत होती. तेव्हा पोत्याची किंमत सगळ्यांना कळली. आपल्या घरात खताचं पोतं वाया जात नाही. त्याची ताडपत्री होते, पावसात डोक्यावर खोळ होते. ज्या वस्तूचे पैसे आपण मोजतो, ती आपण टाकत नाही. बिस्किटाच्या वेष्टनाचे पैसेही आपण मोजतो. फक्त ते किमतीत लपलेले असतात, म्हणून फुकट वाटतं.

आता आजच्या कार्यक्रमाकडे येते. आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन आठवडे जो वाद चालला, तो बहुतेकांनी वाचला आहे. प्रश्न होता पाण्याच्या छोट्या बाटल्या मागवायच्या का. मी हिशेब टाकला होता. आपण दोनशे जण. प्रत्येकी दिवसभरात २०० मिलीच्या तीन बाटल्या धरल्या, तर सहाशे बाटल्या. सहाशे बाटल्यांत पाणी किती? १२० लिटर. म्हणजे सहा जार. सहा जार संध्याकाळी परत जातात. सहाशे बाटल्या, सहाशे झाकणं, आणि त्या ज्यात गुंडाळून येतात ते प्लास्टिक, हे सगळं शाळेच्या आवारात राहतं आणि सोमवारी कोणाला तरी उचलावं लागतं.

त्यावर आपल्या एका मैत्रिणीने फार चांगला प्रश्न विचारला. ती म्हणाली, "सगळं खरं आहे, पण पेले अन् ताटं घासणार कोण? शेवटी आम्हीच ना?" या प्रश्नाला टाळून पुढे जाता येणार नाही. आपल्या लहानपणी पंगतीला पळसाच्या पत्रावळी असायच्या, नाही तर माणसं आपापलं ताट-तांब्या घेऊन यायची. जुने दिवस म्हणून आपण ते आठवतो, पण त्या दिवसांत विहिरीवरून पाणी कोणी आणलं आणि भांड्यांचा ढीग कोणी उपसला? आपल्या आयांनी. फेकायच्या ताटल्या आल्या तेव्हा त्यांच्या कंबरेला थोडी विश्रांती मिळाली. कचरा कमी करायच्या नावाखाली ते ओझं परत बायकांच्या माथी मारायचं असेल, तर मला ते मान्य नाही. माझा मुद्दाच हा आहे की ठरवणाऱ्याने किंमत मोजावी. आपण ठरवलं, तर घासण्याचे पैसे आपण मोजू.

आणि आपण तेच केलं. बाटल्या, ताटल्या, वाट्या, पेले यांचे जे पैसे वर्गणीतून गेले असते, त्यातून भांडी भाड्याने आणली आणि घासायला माणसं रोजंदारीवर लावली, बाया आणि पुरुष दोन्ही. संयोजकांनी मला सांगितलं, हिशेब फार वर-खाली झाला नाही. फरक एवढाच की जो पैसा बाहेरच्या कारखान्यात गेला असता, तो गावात मजुरी म्हणून राहिला. जार सहाऐवजी दहा मागवले, कारण ऊन आहे. एवढी लवचीकता गणितात चालते, सर.

आता माझ्या तीन सूचना. या स्मरणिकेत छापल्या जातील, म्हणजे पुढच्या मेळाव्यात मला विचारता येईल.

पहिली. आपली बॅच मिळून पाचशे माणसांच्या पंगतीची स्टीलची भांडी घेऊ आणि गावातल्या महिला बचत गटाला देऊ. लग्न, बारसं, सप्ताह, जयंती, काही असलं की गटाने ती भाड्याने द्यायची. घासण्याची मजुरी भाड्यातच धरायची, वेगळी विनवणी नको. तेलंगणात सिद्दीपेटला अशा 'स्टील बँका' गावोगावी सुरू झाल्या आहेत. आपल्याला जमणार नाही असं त्यात काही नाही.

दुसरी. आपला जो मित्र किराणा दुकान चालवतो, त्याच्याशी माझं बोलणं झालं आहे. सगळं सुटं विकायला तो तयार नाही, आणि त्याचं बरोबर आहे. पण तांदूळ, डाळी, साखर, गूळ, शेंगदाणे या वस्तू झाकणाच्या कोठ्यांत ठेवायला आणि गिऱ्हाइकाच्या डब्यात भरून द्यायला तो तयार आहे. त्याची अट एकच: गिऱ्हाइकाने डबा आणावा आणि त्याला घाई करू नये. कोठ्यांचा पहिला खर्च आपण उचलू. आधी डबा काट्यावर ठेवायचा, काटा शून्य करायचा आणि मग माल. काटा मारल्याचा संशय नको.

तिसरी सूचना शाळेसाठी. विज्ञानाच्या तासाला मुलांनी एक आठवडा आपल्या घरातली रिकामी पाकिटं आणावीत, धुऊन, वाळवून. वर्गात दोन ढीग करावेत: हे पॅकिंग नसतं तर माल खराब झाला असता, आणि हे नसतं तर काहीच बिघडलं नसतं. दुसऱ्या ढिगाचं वजन करावं, कंपन्यांची नावं लिहून काढावीत आणि त्यांना पत्र लिहावं. मराठीचा पत्रलेखनाचा धडाही होईल. पाकिटावर ग्राहकसेवेचा पत्ता छापलेला असतोच. एका पत्राने कंपनी हलणार नाही. पण चाळीस मुलांची चाळीस पत्रं एकाच गावाहून एकाच विषयावर गेली, तर कोणाच्या तरी टेबलावर ती पोचतील. त्या टेबलावर काय ठरतं, हे मी जवळून पाहते. तिथे कोणी दुष्ट बसलेलं नसतं. त्यांना गावातला उकिरडा दिसत नाही, एवढंच. तो दाखवायचं काम ही मुलं करू शकतात.

आपल्या जिल्ह्यातच तेर आहे, गोरोबाकाकांचं गाव. तेरच्या टेकाडांत सातवाहनांच्या काळातली खापरं सापडतात, जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीची. ती त्या काळची भांडी, माल साठवायची आणि न्यायची. ती घडवायला मेहनत होती, म्हणून माणसं ती फुटेपर्यंत वापरत होती. आपली पाकिटंही मातीत खूप वर्षं राहणार आहेत, पण त्यांचा वापर होतो पाच मिनिटं. पुढे कधी कोणी बेंबळीची माती उकरली, तर आपल्या पिढीबद्दल त्याला काय सापडावं, हे अजून आपल्या हातात आहे.

गुरुजनांनी आपल्याला वही दोन्ही बाजूंनी लिहायला लावली, पेन्सिल बोटात मावेनाशी होईपर्यंत वापरायला लावली. तेव्हा ती गरिबी वाटायची. आज मी जे काम करते, त्याचं अर्धं शिक्षण तिथेच झालं. त्याबद्दल सगळ्या सरांना आणि बाईंना मनापासून नमस्कार. संयोजकांचे, आणि आज मागच्या बाजूला आपली ताटं घासणाऱ्या सगळ्यांचे आभार मानते आणि थांबते.